पिशवीच्या ऑपरेशनात अंडाशय काढलं का ठेवलं, हे बाईला सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या आरोग्य पुरवणीत एक छोटा मजकूर आला होता, इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन मेंदूच्या पेशींना मरण्यापासून वाचवतं असा. चार-पाच ओळीच होत्या पण कुणीतरी त्याचा फोटो काढला, तो बायकांच्या ग्रुपवर फिरला आणि माझ्याकडे विचारणा सुरू झाली. माझं तासगावात औषधांचं दुकान आहे, मी बी.फार्म आहे. कुणी म्हणतं सासूला विसरायला होतंय तिला ही इस्ट्रोजेनची गोळी चालेल का, कुणी स्वतःसाठी मागतंय, एक मुलगी आली तिच्या आईला लकवा मारून गेलाय, तिला देऊ का म्हणून विचारत होती. चिठ्ठीशिवाय मी हे औषध देत नाही आणि कुठल्याच दुकानदाराने देऊ नये. पण नुसतं नाही म्हणून परत पाठवणं पण मला पटत नाही, कारण तुम्ही छापलं ते चुकीचं नव्हतं, फक्त अर्धं होतं, आणि जो भाग राहिला तो आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या बायकांच्या जास्त कामाचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, जागा असेल तेवढं छापा.

आधी खरं काय ते सांगते. इस्ट्रोजेन म्हटलं की आपल्याला पाळी आणि बाळंतपण एवढंच आठवतं. पण हे हार्मोन ओळखणारे रिसेप्टर मेंदूच्या पेशींमध्ये पण असतात, अल्फा आणि बीटा हे दोन मुख्य, त्यातला बीटा तर १९९६ साली सापडला म्हणजे ही माहिती फार जुनी नाहीये. आणि हे रिसेप्टर नुसते पाळी चालवणाऱ्या भागात नसतात, हिप्पोकॅम्पस म्हणून जो भाग नवीन गोष्टी लक्षात ठेवायचं काम करतो तिथेही असतात. शिवाय मेंदू स्वतःसुद्धा थोडं इस्ट्रोजेन बनवतो, अरोमाटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून ते तयार करतं, त्यामुळे पुरुषांच्या मेंदूत पण ते असतंच. प्राण्यांच्या मेंदूला इजा झाली की जखमेच्या आजूबाजूच्या अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशी, ज्या एरवी हे एन्झाइम फारसं बनवत नाहीत, त्या ते बनवायला लागतात, आणि ज्या उंदरांमध्ये हे एन्झाइमच नाही त्यांच्या मेंदूचं नुकसान जास्त होतं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार विशेष वाटलं होतं, की जिथे घाव बसला तिथेच शरीर स्वतःचं औषध तयार करायला घेतं.

१९९० मध्ये अमेरिकेत कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅकएवन यांनी उंदरांच्या माद्यांवर काम केलं. अंडाशय काढल्यावर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे, ज्यांच्यावर दुसऱ्या पेशी येऊन जोडल्या जातात, ते कमी झाले, आणि इस्ट्रॅडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार, दिल्यावर परत वाढले. नुसतं एवढंच नाही, त्या मादीचं चार-पाच दिवसांचं जे चक्र असतं त्यात सुद्धा हे काटे कमीजास्त होताना दिसले. म्हणजे हार्मोन बदललं की मेंदूतली जोडणी बदलते, आणि ते बघायला वर्षं लागत नाहीत, दिवस पुरतात. ज्या बायका म्हणतात ना की पाळी जायच्या वेळी डोकं चालेना झालंय, शब्द तोंडावर येत नाहीत, त्यांना "मनाचे खेळ" म्हणून गप्प बसवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता पेशी मरते कशी आणि हे हार्मोन तिथे नक्की काय करतं ते. मेंदूचा स्ट्रोक म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो, त्यात रक्तवाहिनी तुंबली की पुढच्या पेशींना ऑक्सिजन आणि साखर मिळत नाही, मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला साधारण १९ लाख न्यूरॉन जातात असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेलाय. पण सगळ्या एकदम जात नाहीत. उसाच्या फडाला आग लागल्यावर मधला भाग वाचवता येत नाही पण कडेचा ऊस बंब वेळेत आला तर वाचतो, तसं मेंदूत पण मधल्या भागातल्या पेशी काही मिनिटांत जातात आणि भोवतालच्या पेशी अर्धमेल्या अवस्थेत काही तास, कधी एखाद-दोन दिवस तग धरून असतात. या कडेच्या पेशींमध्ये जे चालतं ते असं, की आधी मरणाऱ्या पेशींमधून ग्लुटामेट नावाचं रसायन भरमसाट बाहेर पडतं, ते शेजारच्या पेशींची दारं उघडतं, त्यातून कॅल्शियम आत घुसतं, आणि इतकं कॅल्शियम आत गेलं की पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं आवरण सैल पडतं, त्यातून सायटोक्रोम सी गळतं, मग कॅस्पेज नावाची एन्झाइम जागी होतात आणि पेशी स्वतःच स्वतःला मोडून टाकते. याला अपॉप्टोसिस म्हणतात.

इस्ट्रॅडिओल या साखळीत एका नाही, बऱ्याच ठिकाणी आडवं येतं. ते बीसीएल-२ नावाचं प्रोटीन वाढवतं, जे मायटोकॉन्ड्रियाचं आवरण घट्ट ठेवतं. एकेटी नावाचा जो पेशीच्या आतला "जगत राहा" असा सिग्नल आहे तो चालू करतं, आणि त्यामुळे पेशीला मरणाकडे नेणारं बॅड नावाचं प्रोटीन (नावच तसं आहे त्याचं) निकामी होतं. बीडीएनएफ हे पेशींना पोसणारं द्रव्य वाढतं. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी जास्त भडकत नाहीत त्यामुळे सूज कमी राहते. रक्तवाहिन्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन त्या रुंद होतात. आणि या रेणूची जी एक फिनॉलची कडी आहे ती पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल स्वतःच पकडते, म्हणजे अँटिऑक्सिडंट म्हणून काम करते, अर्थात ते व्हायला औषधाचं प्रमाण रक्तात नॉर्मली असतं त्यापेक्षा बरंच जास्त लागतं. फार्मसी शिकलेल्या माणसाला एका रेणूची इतकी कामं बघून खरंच कौतुक वाटतं.

फिलिस वाइज म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या प्रयोगशाळेत १९९८ च्या सुमारास अंडाशय काढलेल्या उंदरांच्या माद्यांना आठवडाभर आधीपासून कमी डोसात, म्हणजे शरीरात नॉर्मली असतं तेवढ्याच पातळीचं इस्ट्रॅडिओल दिलं आणि मग मेंदूची रक्तवाहिनी बंद केली, तर मेलेल्या भागाचा आकार जवळपास निम्म्यावर आला. तुमच्या पुरवणीतला मजकूर अशाच प्रयोगांवर आधारलेला असणार. तो बरोबरच आहे.

पण यात दोन गोष्टी आहेत ज्या त्या चार ओळींत आल्या नाहीत. एक म्हणजे औषध आधीपासून चालू होतं, पेशी मरायला लागल्यावर दिलेलं नव्हतं. आणि दुसरी त्याच प्रयोगशाळेतून २००७ मध्ये आली, ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. अंडाशय काढल्यावर लगेच इस्ट्रॅडिओल दिलं तर मेंदू वाचला, पण दहा आठवडे हार्मोनशिवाय ठेवून मग दिलं तर काही उपयोग झाला नाही. मेंदूला संरक्षण नाही मिळालं आणि सूज पण कमी झाली नाही. तोच डोस, तेच औषध, फक्त वेळ गेलेली. उंदराच्या आयुष्यात दहा आठवडे म्हणजे बराच काळ असतो हे लक्षात घ्या.

माणसांमध्ये पण साधारण असंच निघालं आणि ते फार महागात पडून कळलं. अमेरिकेत डब्ल्यूएचआय म्हणजे विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास १९९१ मध्ये सुरू झाला होता, त्यात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची एकत्र गोळी किंवा नुसती खोटी गोळी दिली जात होती. जुलै २००२ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण स्तनाचा कॅन्सर, हार्टचा त्रास, स्ट्रोक आणि रक्ताच्या गाठी गोळीवाल्या बायकांमध्ये जास्त दिसल्या. आणि २००३ मध्ये त्यातल्याच ६५ च्या पुढच्या ४,५३२ बायकांचा निकाल आला, डिमेन्शिया गोळीवाल्यांत ४० जणींना आणि खोट्या गोळीवाल्यांत २१ जणींना. म्हणजे वाचवायला दिलेल्या औषधाने दुप्पट केलं. नंतर ज्यांची पिशवी काढलेली होती त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं तो भाग पण २००४ मध्ये स्ट्रोक वाढला म्हणून बंद केला. त्याच्याही आधी २००१ मध्ये, आधीच स्ट्रोक येऊन गेलेल्या ६६४ बायकांना इस्ट्रॅडिओल देऊन बघितलं होतं, दुसरा स्ट्रोक टळला नाही.

तर ज्या मुलीने आईला लकवा मारल्यावर विचारलं तिला याचं सरळ उत्तर आहे, नको. सासूबाई सत्तरीच्या आहेत त्यांनाही नको. यात मला काही शंका नाही म्हणून स्पष्ट लिहितेय.

मग उंदरात वाचवतं आणि बाईला मारतं असं कसं, असा प्रश्न कुणालाही पडेल. डब्ल्यूएचआय मधल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. औषध पण घोडीच्या लघवीतून काढलेलं मिश्र इस्ट्रोजेन होतं, तोंडाने घ्यायचं, सोबत मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, म्हणजे वर म्हटलेलं प्रोजेस्टिन. तोंडाने घेतलेलं हार्मोन आधी लिव्हरमधून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात, तेच जेल किंवा पॅच लावलं तर ही भानगड कमी होते. पण मुख्य कारण वेळेचं असावं असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं, की पेशी निरोगी असताना इस्ट्रोजेन त्यांना जपतं आणि एकदा रक्तवाहिन्या कडक झाल्या, पेशी खराब झाल्या, रिसेप्टर कमी झाले की त्याचा उपयोग होत नाही, उलट त्रास होऊ शकतो. हे अजून पूर्ण सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. कारण पन्नाशीच्या सुरुवातीला पाळी गेल्या गेल्या ज्यांनी हार्मोन घेतले त्यांच्यावरच्या अभ्यासांत (२०१३ आणि २०१५ मध्ये निकाल आले) स्मरणशक्तीचं नुकसानही दिसलं नाही आणि फायदा पण दिसला नाही. म्हणजे ज्यांची पाळी वेळेवर नैसर्गिकरीत्या गेलीय त्यांनी नुसतं मेंदू वाचवायला म्हणून हार्मोन घ्यावं असं आज कुणी चांगला डॉक्टर सांगणार नाही. गरम वाफा फार येतात, झोप लागत नाही, यासाठी घेणं वेगळं, तो डॉक्टरांशी बोलून ठरवायचा विषय आहे.

इथपर्यंत वाचून काही जणी म्हणतील, मग विषय संपला. नाही संपला, मला जे लिहायचं होतं ते इथून पुढे आहे.

ज्या बाईचं अंडाशय पस्तीस-अडतिसाव्या वर्षी ऑपरेशन करून काढलं गेलं तिचं काय? तिचं इस्ट्रोजेन हळूहळू चार-पाच वर्षांत उतरत नाही, ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच खाली येतं. उंदरांवरचे ते सगळे प्रयोग आठवा, त्यात पण पहिली पायरी अंडाशय काढणं हीच होती. तीच गोष्ट आपल्या इथे टेबलावर होते आणि पुढे ती बाई दहा आठवडे नाही, दहा-पंधरा वर्षं हार्मोनशिवाय काढते, कुणी तिला त्याचं काही सांगत पण नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका आणि त्यांच्या टीमने २००७ मध्ये यावर अभ्यास छापला. १९५० ते १९८७ या काळात ज्यांची एक किंवा दोन्ही अंडाशयं पाळी जायच्या आधी काढली गेली होती अशा मिनेसोटामधल्या एका काउंटीतल्या बायकांचा त्यांनी म्हातारपणापर्यंत माग काढला आणि तिथल्याच अंडाशय असलेल्या बायकांशी तुलना केली. अंडाशय काढलेल्यांमध्ये विसराळूपणाचा आजार किंवा डिमेन्शिया व्हायचं प्रमाण जवळपास दीडपट निघालं, आणि जितक्या कमी वयात काढलं तितका धोका जास्त. आणि ज्यांची दोन्ही अंडाशयं लवकर काढली होती पण ज्यांना वयाच्या पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन दिलं गेलं त्यांच्यात तो वाढीव धोका दिसला नाही. हा गोळी-खोटी गोळी असा प्रयोग नाही, नोंदींवरून केलेला अभ्यास आहे त्यामुळे शंभर टक्के कारण तेच असं म्हणता येत नाही. पण उंदरांमध्ये दिसतं ते आणि हे एकाच दिशेला जातंय. आणि म्हणूनच जगभरच्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आज हे लिहिलेलं असतं की पंचेचाळिशीच्या आत ऑपरेशनमुळे पाळी गेली असेल आणि कॅन्सर, गाठी वगैरे आडकाठी नसेल तर साधारण पन्नास-एक्कावन्न वर्षापर्यंत हार्मोन द्यावं, मेंदूबरोबर हाडं आणि हार्टसाठी पण. २००२ च्या त्या भीतीदायक निकालाचा या बायकांशी संबंध नाही, तो त्रेसष्ट वर्षं सरासरी वयाच्या बायकांचा निकाल होता. इथे आपण बाहेरून काही जास्तीचं देत नाही, जे शरीरात असायलाच पाहिजे होतं आणि काढून घेतलं तेवढंच परत देतोय.

आता माझ्या काउंटरवरचं सांगते. द्राक्ष आणि बेदाण्याच्या कामाला जाणाऱ्या बायका आमच्याकडे खूप आहेत, त्यातली एक, वय चाळिशीच्या आत, झोपेची गोळी मागायला आली. म्हणाली "ताई, पिशवी काढल्यापास्नं झोपच न्हाई, आणि काय ध्यानात ऱ्हात न्हाई, बेदाणा निवडताना बोलता बोलता इसरतंय काय बोलत हुते ते, मालक म्हणत्यात डोक्यावर परिणाम झालाय." मी म्हटलं कार्ड घेऊन या. डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, टीएएच विथ बीएसओ. मी विचारलं तुमची अंडाशयं पण काढलीत हे माहितीय का? तर ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटत होतं पिशवी म्हणजे पिशवी, एकच वस्तू. नवऱ्याला पण माहिती नव्हतं, सही त्यानेच केली होती. ऑपरेशन कशासाठी तर अंगावरून जास्त जातंय म्हणून, कॅन्सर वगैरे काही नाही. हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही, तो माझ्या पत्राचा हेतू नाही. पण ऑपरेशन झाल्यावर टाके काढायला बोलावलं, रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, आणि बास. हार्मोनबद्दल एक शब्द नाही. मी तिला मिरजेला गायनॅककडे पाठवलं, त्यांनी तपासण्या करून औषध चालू केलं, आता झोप लागते असं सांगत होती. विसरण्याचं काय होतंय ते बघायला अजून वेळ लागेल.

म्हणून तुमच्या वाचकांना हे दोन-तीन शब्द कळायला पाहिजेत. टीएएच किंवा व्हीएच किंवा टीएलएच लिहिलं असेल तर गर्भाशय काढलंय, पोटातून का खालून का दुर्बिणीने एवढाच फरक. पुढे बीएसओ लिहिलं असेल तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढलीत. यूएसओ म्हणजे एकाच बाजूचं. नुसतं बीएस असेल तर नळ्या काढल्या, अंडाशयं ठेवली. आणि कार्डावर नीट लिहिलं नसेल तर काढलेल्या भागाचा लॅबचा रिपोर्ट असतो, त्यात ओव्हरी आल्या होत्या का ते लिहिलेलं असतं, तो मागून घ्यायचा, तो आपला हक्क आहे. नुसती पिशवी काढली असेल आणि अंडाशयं असतील तर पाळी बंद होते पण इस्ट्रोजेन बनत राहतं, फक्त काही जणींमध्ये अंडाशयं थोडी लवकर थकतात, त्यामुळे वाफा वगैरे चालू झाल्या तर त्यांनी पण दाखवायला जावं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३.३ टक्के बायकांची पिशवी काढलेली निघाली, आणि यातली बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झालेली. शंभरात तीन म्हणजे कमी वाटेल, पण यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुली पण मोजलेल्या आहेत, तिशी-चाळिशीच्या बायकांमध्ये आकडा कितीतरी वर जातो. आणि बीडच्या ऊसतोड बायकांचं तर आपल्या सगळ्यांना माहितीच आहे. २०१९ मध्ये ते प्रकरण गाजलं, सरकारने समिती नेमली, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. या बायका तोडणीला येतात कुठे? आपल्याकडेच येतात. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या कारखान्यांचा ऊस त्यांनी तोडलेला असतो, दिवाळीच्या आसपास येतात आणि पट्टा पडला की जातात, पाच-सहा महिने आपल्या फडाच्या कडेला खोपटात राहतात. पाळीत खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, उचल फिटत नाही, म्हणून पिशवीच काढून टाकायची. तेव्हा सगळीकडे चर्चा पिशवीची झाली आणि ती व्हायलाच पाहिजे होती. पण त्यातल्या किती जणींची अंडाशयं गेली, आणि तिशीत इस्ट्रोजेन गेलेल्या या बायकांच्या हाडांचं, हार्टचं आणि मेंदूचं साठीत काय होणार, यावर मी कुठे फारसं वाचलं नाही. त्या माझ्या दुकानात येतात तेव्हा अंगदुखीची गोळी मागतात आणि जातात. त्यांच्याकडे कार्ड पण नसतं.

अंडाशय काढायचंच नाही असं माझं म्हणणं अजिबात नाही, हे नीट छापा नाहीतर उद्या उलटा अर्थ निघेल. कॅन्सर असेल, मोठी गाठ असेल, किंवा घराण्यात बीआरसीए जनुकाचा दोष असेल आणि आई-मावशीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर वेळेत अंडाशय काढल्याने जीव वाचतो. अंडाशयाचा कॅन्सर लवकर कळत नाही हे पण खरंय. पण "पोरं झालीत, आता कशाला ठेवायची, उगाच पुढे कॅन्सर झाला म्हणजे" असं म्हणून निरोगी अंडाशय सोबत काढून टाकायचं, हे अडतीस वर्षांच्या बाईच्या बाबतीत चुकीचं आहे असं मला स्पष्ट वाटतं. कारण तिला अंडाशयाचा कॅन्सर व्हायची शक्यता मुळात कमी, आणि अंडाशय गेल्याने जे नुकसान होतं ते नक्की.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये विनाकारण पिशवी काढण्यावर लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवर पण समित्या करायला सांगितल्यात, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना त्या सूचना अमलात आणा म्हणून सांगितलं. माझी विनंती आहे की आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या समित्यांनी नुसत्या किती पिशव्या काढल्या हे मोजू नये, अंडाशय काढलं का ठेवलं, काढलं तर कारण काय आणि नंतर हार्मोनबद्दल सांगितलं का, एवढे तीन रकाने फॉर्ममध्ये घालावेत. मिरज-सांगलीत इतके नावाजलेले डॉक्टर आहेत, कर्नाटकातून पेशंट येतात इथे, त्यांनी ठरवलं तर डिस्चार्ज कार्डावर मराठीत एक ओळ लिहायला काय लागतंय, "दोन्ही अंडाशये काढली आहेत" किंवा "ठेवली आहेत". आणि संमतीची सही नवऱ्याकडून नाही, बाईकडून, तिला समजावून घ्यावी. आशाताई घरोघर जातात त्यांनाही हा प्रश्न विचारायला शिकवलं तर ज्यांच्याकडे कार्ड नाही त्या बायका पण सापडतील, संशय असेल तर सोनोग्राफीत आणि एफएसएच नावाच्या रक्ताच्या तपासणीत बऱ्यापैकी कळतं.

आता ज्यांची अंडाशयं दहा-पंधरा वर्षांपूर्वी गेलीत आणि आज वय पंचावन्न-साठ आहे त्या मला विचारतील, आमचं काय. त्यांनी आता मेंदूसाठी म्हणून हार्मोन चालू करू नये, वर सांगितलं तेच कारण. पण हाडांची डेक्सा तपासणी करून घ्यावी, बीपी आणि साखर कडक ताब्यात ठेवावी, कमी ऐकू येत असेल तर मशीन लावायला लाजू नये, कारण २०२४ मध्ये लॅन्सेटच्या तज्ज्ञ गटाने डिमेन्शियाच्या ज्या चौदा टाळता येण्यासारख्या कारणांची यादी दिली त्यात बीपी, शुगर, ऐकू न येणं, कोलेस्टेरॉल, एकटेपणा हे सगळं आहे आणि ही सगळी कारणं काढली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असं ते म्हणतात. बीपीची गोळी बरं वाटलं की बंद करणाऱ्या बायका माझ्या दुकानात खूप येतात, त्यांना मी रोज हेच सांगते. आणि ज्यांचं वय पंचेचाळीसच्या आत आहे, पिशवीचं ऑपरेशन झालंय आणि कार्डावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, त्यांनी ते कार्ड घेऊन जवळच्या कुठल्याही फार्मासिस्टकडे जावं, वाचून दाखवायला कुणी पैसे घेणार नाही, आणि बीएसओ निघालं तर त्याच आठवड्यात गायनॅकची वेळ घ्यावी.

आपली,
एक फार्मासिस्ट वाचक
तासगाव, जि. सांगली